सालीची जाडी

पोर्वेनीरच्या रात्रशाळेत, मंगळवारी,
येर्को मास्तरांनी पडदा म्हणून चादर टांगली
आणि एक जुना सिनेमा दाखवला.
खिडकीच्या फटीतून वारा आला की
नटीचं नाक वाकडं व्हायचं.
आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत.

सिनेमात एक बाई. नवरा समुद्रावर गेलेला.
ती वाट बघते. बटाटे सोलते. वाट बघते.
शेवटी ताटं मांडते, दोन.
दिवे लागले तेव्हा झुनिल्दा नाक पुसत होती.

मास्तर म्हणाले, पाचशे शब्द लिहून आणा.
प्रस्तावना, मत, पुरावा, समारोप.
"आणि गोष्ट सांगू नका, एदुविना,
गोष्ट मीही पाहिली.
तुम्हाला काय वाटलं ते लिहा."

मला काय वाटलं?
बावीस वर्षं खेकड्यांच्या कारखान्यात मी लिहिते
वजन, वेळ, पाळी, सही.
वाटण्याचा रकाना त्या कागदावर नाही.

रात्री चुलीपाशी वही उघडली.
हा सिनेमा फार चांगला आहे.
खोडलं.
निष्ठा हा स्त्रीचा दागिना
हे तर पाद्रीबाबांकडून उसनं आणलेलं.
खोडलं.
किटली दोनदा उकळून आटली.
बोटांवर काट्यांचे जुने व्रण, त्यांत शाई भरली.

मग आठवलं, तिनं बटाटा कसा सोलला ते.
जाड साल. अर्धा बटाटा सालीबरोबर टोपलीत.
जिच्या घरात दोन महिने पैसा आला नाही
ती असं सोलत नाही.
माझी आई, तिकडे चिलोएला, अशी सोलायची
की साल दिव्यासमोर धरली
तर पलीकडची ज्योत दिसावी.
आणि ती सालही डुकराला नव्हे,
उकळून परत आमच्याच ताटात.
मी लिहिलं: ही बाई कधी उपाशी झोपलेली नाही.
ज्यानं तिच्या हातात सुरी दिली, तोही नाही.

पण एका जागी सिनेमा खोटं बोलायचा विसरला.
दाराखालून गार वारा येतो,
ती उठते, नवऱ्याचा सदरा घेते
आणि फटीत कोंबते.
हुंगत नाही. छातीशी धरत नाही.
थंडी आत येत असते
आणि सदरा हाताशी असतो, एवढंच.
मीही कोंबला होता. एलिसेओचा,
निळा, कोपरावर विरलेला.
तिसऱ्या हिवाळ्यात.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
वहीला सांगितलं आणि घड्याळ पाहिलं, अडीच.
शब्द मोजले, तीनशे अकरा.
समारोप नव्हताच. पहाटेची पाळी होती.

वही परत आली. सदऱ्याखाली काहीच नाही,
बटाट्याखाली लाल रेघ:
"विषय सोडून सालीवर का गेलात?"

पुढच्या मंगळवारी मी पिशवीतून
एक बटाटा काढला, एक सुरी,
मास्तरांच्या टेबलावर ठेवली.
"सोला."
वर्ग गप्प झाला.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सोलला,
जीभ दातांत धरून, लहान पोरासारखा.
झुनिल्दानं साल उचलून दिव्यासमोर धरली.
काहीच दिसलं नाही.
"मास्तर, ह्यात तर एका माणसाचं सूप होईल."

आता मात्र ते हसले.
मग हसू ओसरलं, पण
साल हातातून खाली ठेवेनात.
म्हणाले, आमच्याकडे स्वयंपाकाला बाई होती.
थोड्या वेळानं म्हणाले,
तिचं आडनाव मला आठवत नाही.

"वाचा, एदुविना. पहिल्यापासून."

मी वाचलं. अडखळत, बोट ठेवून.
सदऱ्याच्या ओळीशी आले
तेव्हा आवाज आपोआप खाली उतरला.
बाहेर सामुद्रधुनीवरून वारा उठला होता,
वर्गाचं दार थडथडत होतं.
कुणी वर पाहिलं नाही.
फक्त झुनिल्दा उठली, चवड्यांवर चालत गेली,
गळ्यातला मफलर काढला
आणि फटीत कोंबून आली.